सिंधुअक्का आणि कापसाचा उजेड

जानेवारी उजाडला की आमच्या प्राचार्यांना निरोप समारंभ आठवायचा, आणि निरोप समारंभ आठवला की मी. दोंडाईचा इथल्या मुलींच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षं मराठी शिकवलं. पण तिथे काय केलंत असं कुणी विचारलं, तर बारावीच्या मुलींच्या फोटोंची समिती सांभाळली, हेच खरं उत्तर आहे. समिती म्हणजे मी एकटी. बाकीच्या सभासदांना त्या आठवड्यात नेमका ताप यायचा.

कॉलेज सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलीचा साडीतला एक फोटो काढायचा, तोही स्टुडिओतल्या धबधब्याच्या पडद्यासमोर नाही, बाहेर, उजेडात, आणि निरोपाच्या दिवशी पुठ्ठ्यावर लावून तिच्या हातात द्यायचा, अशी आमच्याकडे रीत होती. पहिल्या वर्षी स्टेशन रोडवरच्या स्टुडिओचे मालक भाऊ स्वतः कॅमेरा घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी चार पालक ऑफिसात येऊन बसले. पोरी साड्या नेसून उघड्यावर परक्या माणसासमोर उभ्या राहतात, हे काय चाललंय, असं त्यांचं म्हणणं. भाऊंनी वाद घातला नाही. त्यांची पाठ तशीही कामातून गेलेली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला पाठवलं.

ती सिंधुअक्का. सुती साडी, साडीखाली कॅनव्हासचे खेळायचे बूट, आणि कॅमेरा पदराखाली. "ऊन लागस त्याले," असं मला म्हणाली, आणि मग मुलींकडे न बघता मैदानात गेली. उजवा हात समोर धरला आणि हातावर नजर ठेवून स्वतःभोवती सावकाश फिरली. चार पावलं पुढे गेली, पुन्हा फिरली. मुली तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. भाऊंनी कुणाला पाठवून दिलंय, असं मलाही वाटलं.

अक्का बघत होती ती हाताच्या शिरांची सावली. सावली काळी पडली की ती जागा बाद. शिरा दिसतात पण उठून दिसत नाहीत अशी जागा सापडली, की ती बुटाच्या टाचेनं मातीत रेघ मारायची. पोर त्या रेघेवर उभी राहणार. "मॅडम, हात बठ्ठं सांगस," ती म्हणाली, म्हणजे हात सगळं सांगतो. पुढे बावीस वर्षांत मी तिच्याजवळ उजेड मोजायचं दुसरं कुठलं यंत्र पाहिलं नाही.

तिनं मुलींना हसायला कधी सांगितलं नाही. 'हास' म्हटलं की पोर दात दाखवते आणि चेहरा पळून जातो, असं तिचं मत होतं. ती आधी पायांशी सुरुवात करायची. एका पायावर भार दे, दुसऱ्याला आराम दे. मग हात. हातांना काम नसलं की ते वेड्यासारखे लोंबतात, म्हणून बांगड्या मोजायला लावायची. उजेडानं डोळे बारीक होत असतील तर म्हणायची, "डोया मीच. मी तीन म्हंतावर उघाड." तीनला डोळे उघडले की पहिल्या क्षणी ते मोठे आणि शांत असतात, तेवढ्यात तिचं बटण दाबून झालेलं असायचं.

आणि सगळ्यात शेवटी मान. मान डावीकडे कर, उजवीकडे कर, असं सांगितलं की मुली पोलिसांनी पकडल्यासारख्या वळतात. अक्का नुसतं विचारायची, "तुन्हं गाव कथा शे, व माय?" पोर आपोआप गावाच्या दिशेला बघायची, आणि त्या बघण्यात कसलंही नाटक नसायचं. दोंडाईचा गावातल्या मुली फार नसतच, बहुतेक सगळ्या आसपासच्या खेड्यांतून एस.टी.नं येणाऱ्या, त्यामुळे प्रत्येकीला बघायला एक दिशा होती. घोळ एवढाच, की दिशेला ऊन चालत नाही. पूर्वेकडच्या गावांच्या मुली सकाळी उभ्या केल्या तर सूर्य थेट डोळ्यांत. मग त्या संध्याकाळी, पश्चिमेकडच्या सकाळी, आणि सातपुड्याकडच्या केव्हाही. हजेरीपट मोडून गावांच्या दिशांप्रमाणे मी नवी यादी करायची. आमच्या ऑफिसातल्या कारकुनाची अखेरपर्यंत समजूत होती की मी ती यादी बसच्या वेळा बघून करते, आणि तो माझं चारचौघांत कौतुक करायचा. मीही ते घेतलं.

अक्काचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. तीस वर्षांत बोली मात्र पूर्ण आमच्याकडची झाली होती. दरवर्षी कुणीतरी मुलगी हट्ट धरायची, की माझ्या मामाची केळीची बाग आहे, तिथे फोटो काढू. अक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "केळीमा उभं राह्यनं की माणूस आजारी दिसस. हिरवा उजेड खालथून वर चढस. मन्हा लगनना फोटो तसाच शे, तू येईसन देख." त्या लग्नाच्या फोटोत भाऊ आणि अक्का दोघंही खरोखर चार दिवस दवाखान्यात काढून आल्यासारखे दिसतात. तो फोटो स्टुडिओत काउंटरच्या वर लावलेला होता. गिऱ्हाईक बाहेर फोटो काढायला घाई करू लागलं की अक्का बोट वर करून तो दाखवायची.

ती सापडलेल्या उजेडावर समाधान मानायची नाही, तो हुडकायची. कॉलेजच्या मागे जिनिंगचा कारखाना होता. हिवाळ्यात अंगणात घराएवढ्या कापसाच्या गंज्या लागायच्या. एका सकाळी अक्का मला ओढून तिथे घेऊन गेली. "आठे उभ्या ऱ्हा, मॅडम." मी पत्र्याच्या शेडच्या सावलीत उभी राहिले. समोर उन्हात कापूस. अक्कानं माझ्यासमोर आरसा धरला. चाळिशीला टेकलेली, रात्रभर पेपर तपासून डोळ्यांखाली काळी झालेली बाई मी, आणि आरशात मला एक बरी, झोप झालेली बाई दिसली. ऊन कापसावर पडत होतं आणि कापूस ते गाळून, मऊ करून तोंडावर टाकत होता. मी आरसा परत द्यायला जरा वेळ लावला. मालकांनी सकाळी काम सुरू होण्याआधी आणि संध्याकाळी काम सुटल्यावर एकेक तास दिला, आणि मग बहुतेक वर्षी आमचे फोटो तिथेच झाले.

एका वर्षी कापूस लवकर संपला. मी म्हटलं, जाऊ दे, मैदानात काढू. अक्का ऐकेना. तिला शहराबाहेर मिरची वाळत घातलेलं मैदान सापडलं होतं. लाल गालिचा अंथरावा तसं एकरभर पसरलेलं. उजेड खरंच सुरेख होता, मुलींचे चेहरे आतून दिवा लावल्यासारखे. तो पाच मिनिटं टिकला. मग वारा फिरला आणि पस्तीस मुली, मी आणि अक्का, सगळ्या जणी एकदम शिंकायला लागलो. त्या वर्षीच्या फोटोंत एकूणएक मुलीचे डोळे पाणावलेले आहेत. पालकांना वाटलं, पोरींना कॉलेज सोडताना फार वाईट वाटलं. एक आजोबा तर प्राचार्यांना हात जोडून गेले. अक्का मला म्हणाली, "आपण काही बोलवानं नही." आम्ही दोघी बोललो नाही.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण अक्काची आठवण आली की मला हसू येत नाही. योगिता आठवते.

योगिता आमची बारावी कला शाखेची. सावळी, खरं तर चांगली काळीच, उंच, हाडापेरानं मोठी, वर्गात सगळ्यात मागे बसणारी. फोटो काढायचा म्हटलं की मैत्रिणीच्या पाठीमागे लपायची. तिचं नाव यादीत आलं त्या सकाळी अक्कानं तिला कापसासमोर उभं केलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. हात बघितला, पोरीला अर्धं पाऊल मागे घेतलं, पदर नीट केला, पुन्हा हात बघितला. "घाई नको करू," ती योगिताला म्हणाली, "ऊन कोठे जाई नही राह्यनं."

तो फोटो आला आणि स्टाफरूममध्ये हातोहात फिरला. मी माणसांचे बरेच फोटो पाहिले आहेत, पण इतकं स्वच्छ काही पाहिलं नव्हतं. मान जराशी वळलेली, डोळे लांब कुठे तरी, आणि चेहऱ्यावर कसलीच भीती नाही. रंगही उजळ आला होता. तेव्हा ते कुणी वेगळं काढून म्हटलं नाही. नुसतं सगळे म्हणाले, फोटो झकास आलाय.

आमच्याकडे निरोपाचा फोटो मुलीच्या हातात एक दिवस राहतो. मग आई तो ताब्यात घेते, त्याच्या चार प्रती काढून आणते आणि तो स्थळांना जातो. अक्काचा एक नियम कडक होता. पोरींचे फोटो ती मोबाईलवर कुणाला देत नसे, आणि प्रती हव्या असतील तर आईनं स्वतः येऊन घ्यायच्या. योगिताच्या आईनं पाच घेतल्या. एका घरी ती पसंत पडली. मुलाकडच्यांनी फोटोवरूनच होकार कळवला आणि बघायला म्हणून पंधरा माणसं घेऊन आले, म्हणजे जवळजवळ साखरपुड्यालाच. चहा झाला, पोहे झाले, पोर बाहेर आली. मुलाच्या आत्यानं तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "ही ती नही शे."

माणसं उठून गेली. गावात दोन दिवसांत बोभाटा झाला, की पोरीच्या बापानं दुसरीचाच फोटो दाखवला.

हे अक्काच्या कानावर आलं तेव्हा ती माझ्याकडे आली. शाळकरी पोरीसारखी वर्गाच्या दाराशी उभी. "मॅडम, उजेड खोटं बोलना. मी बोलाडं त्याले." उजेड खोटं बोलला, आणि त्याला बोलायला लावलं तिनं, असं तिचं म्हणणं. त्याच दुपारी आम्ही दोघी योगिताच्या गावी गेलो. अक्कानं तिच्या बापाचे पाय धरले. बाप थकलेला माणूस होता, त्याला राग धरण्याचीही ताकद उरलेली नव्हती. तो म्हणाला, जाऊ द्या, नशीब पोरीचं. अक्कानं घरात उरलेले फोटो मागितले. पुठ्ठ्यावरचा कॉलेजचा आणि दोन प्रती. त्यानं आणून दिले. अक्का चुलीपुढे बसली आणि तिनं ते एकेक करून जाळले. "आते कोनी म्हनाव नही, का पोरनी फसाडं," असं काही तरी पुटपुटत होती. मग स्टुडिओत येऊन कॉम्प्युटरमधूनही तो काढून टाकला.

योगिता स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तिचा फोटो होता तो, हे मला त्या दिवशी सुचलं नाही, हे मी आता लिहून ठेवते.

पुढची दोन वर्षं अक्कानं कापसाचं तोंड पाहिलं नाही. मुलींना कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीला लावून, अकराच्या उन्हात, सरळ समोरून फोटो काढले. नाकाखाली काळी सावली, डोळे बारीक, कातडीवरचा प्रत्येक डाग जिथल्या तिथे. "जशी शे तशी," एवढंच म्हणायची. मुली रडल्या, आया भांडल्या. गंमत म्हणजे त्याच आया हळूच येऊन विचारायच्या, आमच्या पोरीचा तसा काढा ना, त्या योगितासारखा, उजळ. अक्का त्यांना बाहेरचा रस्ता दाखवायची. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, अक्का, ही शिक्षा तुम्ही स्वतःला देताय की पोरींना?  गुडघे दुखायला लागले होते, ती एका दगडावर बसून बुटाच्या नाड्या बांधत राहिली. तिसऱ्या वर्षी मात्र मुली पुन्हा कापसासमोर उभ्या राहिल्या.

सहा वर्षांनी योगिता आली. मी स्टुडिओत निरोपाच्या फोटोंचं बोलायला गेले होते. दारात उंच, पर्स लावलेली, आत्मविश्वासानं उभी असलेली बाई, म्हणून मी चटकन ओळखलं नाही. दीपनगरच्या कॉलनीत एका छोट्या शाळेत ती शिकवत होती. लग्न केलेलं नव्हतं, आणि ते विचारायची सोय तिच्या चेहऱ्यावर नव्हती. भाऊंच्या आणि अक्काच्या पाया पडली, माझ्याही. मग म्हणाली, "अक्का, तो फोटो पाहिजे होता. कापसाजवळचा."

अक्का म्हणाली, "तो? त्यानी तुन्हं वाटोळं करं, माय."

"त्या फोटोनं नाही केलं," योगिता म्हणाली. "अक्का, मी आरशात बघायचे नाही कधी. त्या फोटोत मी मला आवडले. तेवढं एकदाच. ते लोक म्हणाले ही ती नाही. पण ती मीच होते ना? मी तिथे उभी होते. तुम्ही मला बघूनच काढला ना?"

मग योगिताच पुढे म्हणाली, "शाळेत मुली विचारतात, मॅडम तुमचा लहानपणचा फोटो दाखवा. माझ्याकडे एकही नाही."

"देखस मी," अक्का म्हणाली. "सापडी जाई." योगिता चहा न घेता बसला गेली. ती वळली तशी अक्कानं काउंटरला हात टेकला. फोटो नाही हे तिला, मला आणि भाऊंना, तिघांनाही माहीत होतं. भाऊंनी तिला विचारलं, खोटं कशाला सांगितलंस? ती म्हणाली, "एकदाव त्या पोरले इचारं नही मी. आते कोनता तोंडे सांगू, का मीच जाळा?"

मग तिच्या डोक्यात आलं ते आमच्यापैकी कुणाच्याच आलं नसतं. पाच प्रती गेल्या होत्या. घरात दोन उरल्या. म्हणजे तीन कुणाकडे तरी गेल्या, आणि स्थळाला गेलेला फोटो आमच्याकडे सहसा परत येत नाही. कुणाच्या तरी कपाटात, ट्रंकेत, देवाच्या फोटोमागे तो असणार. अक्का योगिताच्या आईकडून नावं घेऊन निघाली. गुडघ्यांना पट्टे बांधून, एस.टी.नं, गावोगाव. ज्या घरांनी पोरीला नकार दिला त्याच घरांच्या दारात जाऊन ती विचारायची, त्या पोरीचा फोटो आहे का हो तुमच्याकडे? एकानं हाकललं. एकीनं सांगितलं, उंदरांनी खाल्ला. ज्या आत्यानं 'ही ती नाही' म्हटलं होतं तिच्याकडेही ती गेली. आत्या म्हणाली, फोटो तेव्हाच मध्यस्थाला परत दिला.

मध्यस्थ म्हणजे शिंदखेड्याकडचे एक वयस्क आबा, लग्नं जुळवणारे. तिथे मी अक्काबरोबर गेले, कारण तोवर तिला एकटीला बसमध्ये चढणं जड जायला लागलं होतं. आबा सज्जन माणूस. पाणी दिलं, तक्क्याला टेकायला सांगितलं, आणि आतून साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी आणून सतरंजीवर उपडी केली.

फोटोच फोटो. नुसत्या पोरी. बऱ्याचशा आमच्या कॉलेजच्या, बावीस वर्षांतल्या. कापसाच्या उजेडातल्या, मैदानावरच्या, मिरचीच्या वर्षातल्या पाणावलेल्या डोळ्यांच्या, आणि भिंतीला लावलेल्या दोन वर्षांच्या काळवंडलेल्या. भिंतीच्या सोडल्या तर प्रत्येकजणी कुठे तरी लांब बघत होती. अक्का गुडघे विसरून खाली बसली. एकेक उचलायची, बघायची, बाजूला ठेवायची. "या बठ्ठ्या मन्ह्या पोरी शेतस," ती म्हणाली. आबा जरा ओशाळले. "लगन व्हई गयात त्यासना," ते म्हणाले. "फोटो राही जातस."

मागच्या बाजूंवर आबांनी बॉलपेननं नोंदी केल्या होत्या, त्यांच्या धंद्याच्या सोयीसाठी. उंची कमी. बाप तापट. चष्मा आहे, काढून ठेवते. शिक्षण चांगलं, रंग मध्यम. त्यात काही दुष्टावा नव्हता. आपण बैलाची खूण लिहावी तसं त्यांनी लिहिलं होतं.

योगिताचा फोटो ढिगाच्या तळाशी होता. एक कोपरा दुमडलेला, बाकी जसाच्या तसा. अक्कानं तो छातीशी धरला, मग उलटा केला. मागे तीन शब्द होते. फोटोवर जाऊ नये.

परतीच्या बसमध्ये अक्का पिशवीच्या बंदाला गाठी मारत, सोडत बसली. पिशवी मांडीवर होती. आबांनी ती सगळी देऊन टाकली, म्हणाले, घेऊन जा, मला तरी काय करायचीय. दोंडाईचा आलं तेव्हा अक्का म्हणाली, "मॅडम, थकी गई मी." मी म्हटलं, आता सापडला ना, बसा निवांत.

तिनं फोटोच्या मागे जाड पांढरा कागद चिकटवला, चारी कडा नीट दाबून. योगिता पुढच्या रविवारी आली. अक्कानं आधी सगळं सांगून टाकलं, की मी त्या दिवशी जाळले, कॉम्प्युटरमधूनही काढला, तुला न विचारता. योगिता म्हणाली, "मला माहीत आहे, अक्का. मी दाराशी उभी होते." मग अक्कानं फोटो दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि इतका वेळ बघितला, की भाऊ उठून आत निघून गेले. "मीच आहे," ती म्हणाली. रडली नाही. मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. जाताना तिनं फोटो उलटा करून कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं. "मागे काही होतं का?" अक्का म्हणाली, "काही नही." योगितानं तो पर्समध्ये ठेवला.

आता अक्काच्या जिवाला स्वस्थता येईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आठ दिवसांत ती कॉलेजात आली आणि तिनं माझ्याकडून प्रवेशाची जुनी रजिस्टरं मागितली. पिशवीतल्या पोरींची नावं, गावं. सासर कुठलं, ते त्यांच्या गावी जाऊन विचारता येईल. मी म्हटलं, अक्का, वेड लागलंय का, या बाया आता दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या. त्यांना काय करायचेत हे फोटो? ती म्हणाली, "ते त्या सांगतीन. मी इचारसू."

आणि ती विचारत सुटली. प्रत्येक फोटोच्या मागे आधी कागद चिकटवायचा, मग निघायचं. एकीनं सांगितलं, नको, सासरी कुणी पाहिलं तर विचारतील कुठून आला. तिचा फोटो अक्कानं परत पिशवीत ठेवला. एकीच्या आईनं तो हातातून घेतला आणि दार लावून घेतलं. एकीनं आपल्या मुलीला हाक मारून दाखवला, की ही बघ तुझी आई. अक्का परत आली की मला सगळं सांगायची, सांगता सांगता भिंतीला टेकून डोळे मिटायची. भाऊ चिडायचे. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं होतं. मीही चिडायचे, आणि तरी दुसऱ्या दिवशी रजिस्टरमधून पुढची दोन गावं शोधून द्यायचे.

मी निवृत्त झाले आणि धुळ्याला मुलीकडे राहायला निघाले त्या दिवशी तिला शेवटचं पाहिलं. निरोप घ्यायला स्टुडिओत गेले होते तर भाऊ म्हणाले, सकाळीच गेली. मी धुळ्याच्या बसमध्ये बसले. एका फाट्यावर बस माणसं घ्यायला थांबली. दुपारचे दोन वाजले असतील, एप्रिलचं ऊन. रस्त्याकडेला निवारा होता, पण अक्का निवाऱ्यात नव्हती. ती बाजूच्या शेताच्या बांधावर उभी होती, बांधाच्या पलीकडे कांदे काढता काढता उठून आलेली एक बाई. बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. अक्कानं फोटो तिच्यासमोर धरला होता आणि उन्हाची चमक येऊ नये म्हणून ती तो हळूहळू तिरपा करत होती, आणखी जरासा, आणखी जरासा.

मी खिडकीतून हाक मारणार होते, मारली नाही. बाईनं हात लुगड्याला पुसले, पण फोटो घ्यायला पुढे केले नाहीत. नुसती बघत राहिली. अक्काचे पाय थरथरताना मला बसमधून दिसत होते, आणि हात मात्र जिथे होता तिथेच होता. बस निघाली तेव्हाही बाई बघतच होती.